वाटणीचा खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सुट्टीत मुलांसाठी मंडळाने कोणता बैठा खेळ विकत घ्यावा, ते पाहून सांगा, असे काम कार्यकारिणीने मजकडे सोपविले. माझे माहेर सातारचे, सासर सांगलीचे. दोन्हीकडच्या भाचरांना व नातवंडांना घेऊन महिनाभर खेळले, आणि मगच बोलावयास उभी राहिले आहे.

खेळाचे नाव किंगडमिनो. ब्रूनो काथाला नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी रचलेला हा खेळ २०१६ साली निघाला, आणि जर्मनीत वर्षातल्या उत्तम खेळाला जो मान १९७९ पासून देतात, तो ह्याला २०१७ साली मिळाला. आता जर्मनीत वाखाणला म्हणून आपल्या सतरंजीवर रंगेलच असे नाही. सारीपाट, पत्ते, सागरगोटे ह्यांत वाढलेल्या आपण. आपली परीक्षा निराळी.

पेटीत जाड पुठ्ठ्याच्या ४८ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीवर दोन घरे. कुठे गव्हाचे शेत, कुठे रान, तळे, कुरण, दलदल, नाहीतर खाण. काही घरांवर लहानसा मुकुट काढलेला असतो. चौघे बसले की दर फेरीला चार पट्ट्या ओळीने मांडावयाच्या, आणि एकेकाने आपला लाकडी राजा हव्या त्या पट्टीवर ठेवून ती आपलीशी करावयाची. ती आपल्या वाड्याला किंवा आधीच्या जमिनीला सारख्यास सारखे जुळवून लावावयाची. बारा पट्ट्या म्हणजे चोवीस घरे, आणि एक वाडा. पाच घरे लांब, पाच घरे रुंद असे राज्य पुरे होते. नऊदहा वर्षांच्या पोराला दहा मिनिटांत समजते, आणि पाव तासात, फार तर वीस मिनिटांत डाव संपतो. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता खेळता येतो, हे मी करून पाहिले आहे.

गंमत आहे ती गुण मोजण्यात. सलग असलेली एका जातीची घरे मोजावयाची आणि त्यांतल्या मुकुटांनी गुणावयाचे. पाच घरे गहू आणि दोन मुकुट, तर दहा गुण. नऊ घरे रान, पण मुकुट एकही नाही, तर शून्य! मुलांना हे पटेना. मी म्हटले, मुकुट म्हणजे विहीर समजा. माण-खटावची किंवा जत-आटपाडीची माणसे लगेच समजतील: विहिरीवाचून नऊ एकर असली तरी पदरात काय पडणार? शिवाय जमीन सलग हवी. आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला तो ह्याचसाठी. इथे सातबारा नको की तलाठी नको, पोर आपोआप तुकडे जोडू लागते. पाढेही म्हणते.

पण मला हा खेळ आवडला तो निवडीच्या रीतीमुळे. पट्ट्यांच्या पाठीवर १ ते ४८ आकडे असतात. लहान आकड्याची पट्टी साधी, मोठ्या आकड्याची बहुधा मुकुटाची. त्या चढत्या क्रमाने मांडतात. जो साधी घेईल, त्याला पुढच्या फेरीत सर्वांआधी निवड. जो भारी घेईल, तो पुढे शेवटी. वाटे पाडणाऱ्याने शेवटी उचलावे, अशी आपल्याकडे वाटणीची एक जुनी रीत सांगतात; तिचीच ही बहीण. (आपल्या सातारा जिल्ह्याचीही १९४९ साली वाटणी झाली, आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली झाला. त्या वेळी कोणी आधी उचलले, हे दोन्ही माहेर-सासरच्या समोर मी बोलणार नाही.)

एके दिवशी आम्ही बायकाच बसलो होतो. एकीची पाळी आली, तर ती म्हणते, "तुम्ही घ्या आधी, मला राहील ते चालेल." दुसरीही तेच म्हणाली. पोळीचा शेवटचा तुकडा घेण्याची सवय आम्ही पटावरही आणली! पण ह्या खेळात तसे चालत नाही. पाळी आली की राजा ठेवावाच लागतो. आणि धाकटी पट्टी घेतली तर तिचा मोबदला पुढच्या फेरीत हातात पडतो. तिथे बसलेल्या दोघींनी भावांना हक्कसोडपत्र लिहून दिलेले होते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे हे ठाऊक असूनही, माहेर तुटू नये म्हणून. त्यांचा निर्णय त्यांचा. मी त्यावर बोलणार नाही. पण त्यांतली एक तिसऱ्या डावाला ओळीतली सर्वांत भारी पट्टी उचलून म्हणाली, "ही माझी." तिचा चेहरा मी पाहिला आहे.

आता उणे सांगते. चौघांपलीकडे कोणाला घेता येत नाही. आपल्याकडे वीस-वीस मुले जमतात. दुसऱ्याचे राज्य मोडता येत नाही, त्यामुळे सारीपाटात सोंगटी मारल्यावर जो गलका होतो, तो इथे नाही; फार तर शेजारणीला हवी ती पट्टी आपण आधी उचलावी. थोड्याशा खट्याळ मुलांना हे सपक वाटते. शेवटी पट्टी बसेना तर ती टाकून द्यावी लागते, तेव्हा लहानांच्या डोळ्यांत पाणी येते. आणि पेटीत सगळे राजेच! त्याच काथालांनी २०१७ साली राणीच्या नावाचा खेळही काढला, पण तो जरा अवघड आहे, लहानांना नको.

तेव्हा माझी शिफारस अशी, की दोन पेट्या घ्याव्यात. पेटी परत घेताना ४८ पट्ट्या मोजून घ्याव्यात, एक हरवली तरी डाव बिघडतो. चहानंतर पेटी उघडणार आहे. पहिल्या चौघींनी नावे द्यावीत.