फौजीची झोप, फोनमधलं ॲप आणि समोर बसणारं माणूस

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या वहीवर बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही गटाच्या बैठकीतच आमच्यापुढे आला.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. त्यांचे यजमान सतरा वर्षं फौजेत होते, हवालदार होऊन घरी आले. दरवर्षी लक्ष्मीपूजन उरकलं की दोघं मळ्यातल्या खोपीवर मुक्कामाला जातात. गावाला सांगतात, राखणीला चाललो. खरं कारण फटाके. आवाज झाला की भाऊ घामाघूम होतात, भिंतीला पाठ लावून बसतात. रात्री तीन-चारदा उठून दाराची कडी बघतात. लग्नात जेवायला बसायचं तर दाराकडे तोंड करूनच. पोराच्या हातून ताट पडलं तर अंगावर धावून जातात आणि मग दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. वहिनींनी सहा वर्षं हे कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "हातपाय धड आहेत, पेन्शन चालू आहे, मग तक्रार कशाची करू?"

या त्रासाला नाव आहे. पीटीएसडी म्हणतात, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनाला लागून राहिलेला त्रास. तोच प्रसंग स्वप्नात, डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येतो. आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं टाळली जातात. मन मरगळतं, आपल्याच माणसांपासून तुटल्यासारखं होतं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखं ताठ राहतं. हा भित्रेपणा नाही, बाहेरची बाधा तर नाहीच. डॉक्टरांच्या पुस्तकात हे नाव १९८० साली आलं, दुखणं मात्र जुनं आहे. पहिल्या महायुद्धात त्याला तोफगोळ्यांचा धक्का म्हणायचे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. जे परत आले, त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील, हे कोणी लिहून ठेवलेलं आम्हाला तरी दिसलं नाही.

आम्ही माहिती शोधायला लागलो, तेव्हा अमेरिकेतलं एक काम समोर आलं. तिथेही माजी सैनिक मनाच्या डॉक्टरकडे जायला कचरतात. पाठदुखी, झोप, बीपी यासाठी मात्र नेहमीच्या डॉक्टरकडे जातात. मग तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने विचार केला की माणूस जिथे येतोच आहे, तिथेच मदत ठेवू. २०११ मध्ये त्यांनी लष्कराच्या खात्याबरोबर मिळून 'पीटीएसडी कोच' नावाचं मोफत ॲप काढलं.

त्यात आहे काय? आजाराची साध्या शब्दांत माहिती आहे. वीस प्रश्न आहेत, गेल्या महिन्यात कोणता त्रास किती झाला याचे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८०. दर काही दिवसांनी भरलं की त्रास चढतोय की उतरतोय ते दिसतं, आपल्या वजनाच्या नोंदीसारखं. आणि त्रास सुरू झाला की त्याच क्षणी करायच्या गोष्टी आहेत. श्वास हळू सोडणं, अंग सैल करणं, आपल्या आवडीचा फोटो किंवा गाणं. एक युक्ती आम्हाला फार पटली. आधी अंग सैल सोडा. मग ओळखा, कशामुळे जुनी आठवण उसळली आणि तेव्हाच्या नि आताच्या परिस्थितीत फरक काय. मग ठरवा, आता काय करायचं. म्हणजे फटाका वाजला तर श्वास घ्यायचा, हा फटाका आहे, मी माझ्या अंगणात आहे, शेजारी माझा पोरगा उभा आहे, असं स्वतःला सांगायचं. आत जायचं की इथेच थांबायचं, हे त्यानंतर.

पण खरी गंमत पुढे आहे. नुसतं ॲप देऊन भागतं का, हे तिथल्या दवाखान्यांत तपासलं. २० माजी सैनिक घेतले. दहा जणांना ॲप दिलं आणि तुमचं तुम्ही वापरा म्हटलं. दहा जणांबरोबर दवाखान्यातलं प्रशिक्षित माणूस आठ आठवड्यांत चार वेळा बसलं, वीस-तीस मिनिटं. पहिल्यांदा ॲप दाखवायचं आणि काय साधायचं ते ठरवायचं, मग काय जमलं, काय नाही, पुढच्या वेळेपर्यंत काय करायचं, आणि शेवटी, पुढचे उपचार हवेत का. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला. एकट्याने वापरणाऱ्या दहांपैकी तिघांना चांगला फरक पडला, माणूस सोबत असलेल्या दहांपैकी सात जणांना. वीस माणसांचा अभ्यास छोटाच. तरी आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. गटाची वही घरी पाठवून दिली आणि बैठकच घेतली नाही, तर किती जणी बचत भरतील? वही चांगली असते हो, पण समोरच्या चार जणी विचारतात म्हणून आपण भरतो.

आता आमची चूक सांगतो. वहिनींनी हे बोलून दाखवलं, तेव्हा बैठकीत अठरा जणी होत्या. आम्हाला वाटलं, मोकळं होऊ दे, म्हणून आम्हीच सगळ्यांसमोर प्रश्न विचारत गेलो. चार दिवसांत पारावर बोलणं सुरू झालं, 'फौजीचं डोकं फिरलंय.' वहिनी पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा चहासुद्धा उभ्यानेच दिला त्यांनी. ते ॲप वापरायला नाव नोंदवावं लागत नाही, नोंदी फोनमध्येच राहतात. एका ॲपला जे कळतं, ते आम्हाला कळलं नव्हतं. आता असं कोणाचं काही निघालं, तर बैठक संपल्यावर एकीने एकीशीच बोलायचं, असं ठरवलंय. आणि आपल्याकडे एकच फोन घरभर फिरतो, त्यामुळे अशा नोंदी ठेवायच्या तर फोनला कुलूप हवंच.

ते ॲप मराठीत आम्हाला मिळालं नाही. जर्मनी, स्वीडन यांनी आपापल्या भाषेत केलंय, आपल्याकडेही व्हायला हवं. पण तोवर थांबायची गरज नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, डिसेंबर २०२३ मध्ये वेगळा कक्षही सुरू झाला. माजी सैनिकांना ईसीएचएसचा दवाखाना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. जीव द्यायची भाषा असेल, घरात बंदूक असेल, दारू वाढली असेल, मारहाण होत असेल, तर ॲप आणि श्वासाचे व्यायाम यावर वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मारहाण आजारामुळे होते म्हणून सोसायची, असंही नाही. आणि बरं करणाऱ्या पूर्ण उपचारात तज्ज्ञाबरोबर काही आठवडे नेमाने बसावं लागतं, कधी गोळ्याही लागतात. आम्ही काही डॉक्टर नाही. आमचं काम सोबत जाण्याचं.

वहिनींनी पहिला फोन स्वतःसाठी केला. त्यांचीही झोप सहा वर्षं अर्धीच होती. भाऊ "मला वेड लागलंय का?" म्हणून उसळले, मग महिन्याने झोपेच्या गोळीचं निमित्त काढून ईसीएचएसच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी झोपेपासूनच सुरुवात केली. आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री भाऊ एक आकडा लिहितात, शून्य ते दहा, आज जीव किती घाबरा झाला त्याचा. परवा वहिनींनी दाखवलं. आठ, आठ, सात, नऊ, सहा. कडी अजून बघतात, पण दोनदा. दिवाळीला खोपीवर जायचं की घरी थांबायचं, हे अजून दोघांचं ठरलेलं नाही.

पेन घ्या, नंबर पुन्हा सांगतो. एक, चार, चार, एक, सहा.