कानाचं टोक कापलेली मांजरं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्या मर्जीवर सोडला आहे. बँकेत जन्म काढलेला माणूस माईकसमोर आला की ठेवी, व्याजदर नाहीतर मृत्युपत्र यावरच बोलणार, असं सगळ्यांना वाटतं. मी मात्र मांजरांवर बोलणार आहे. आपल्या पार्किंगमधल्या तीन आणि आमच्या घरी राहायला आलेल्या दोन, अशा एकूण पाच. हसू नका बरं. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या मांजरांना पोत्यात घालून गावाबाहेर सोडावं, असा ठराव येणार आहे हे आपण सारे जाणता. त्याआधी माझा हिशेब ऐकून घ्या, एवढीच विनंती.

सहा वर्षांपूर्वी मीटर रूममध्ये एक मांजरी व्याली. चार पिल्लं. मांजरीचा गाभणकाळ साधारण 63 ते 65 दिवसांचा, आणि तिची पिल्लं पाच-सहा महिन्यांची झाली की स्वतः गाभण राहू शकतात. चक्रवाढ व्याज कशाला म्हणतात ते मी ग्राहकांना वर्षानुवर्षं समजावलं, पण इतकं जिवंत उदाहरण कधी मिळालं नव्हतं. वर्षभरात आकडा अकरावर गेला. बोक्यांची रात्रभर भांडणं, जिन्यात घाण, स्कूटरच्या सीटांवर नख्यांचे ओरखडे. तक्रार करणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं, हे मी आजही म्हणतो.

तेव्हा आम्ही चार-पाच घरांनी वर्गणी काढली आणि एकेक करून सगळ्यांची नसबंदी करून घेतली. पिंजऱ्यात मासळीचा तुकडा ठेवायचा, मांजर आत गेलं की दार पडतं. लगेच वरून जुनी चादर टाकायची. अंधार झाला की ते शांत होतं. बोक्याचं ऑपरेशन लहान असतं, एक-दोन दिवसांत तो हिंडायला लागतो. मादीचं पोट उघडावं लागतं, म्हणून तिच्या टाक्यांकडे दहाएक दिवस लक्ष ठेवायचं. भूल असतानाच कानाचं टोक थोडं कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्याचं केवायसी झालं! बोक्याचा गुण मात्र दुसऱ्या दिवशी दिसत नाही. शरीरातली जुनी संप्रेरकं ओसरायला काही आठवडे लागतात. मग रात्रीची बोंबाबोंब कमी होते, मुताचा तो उग्र वासही कमी होतो. अकराची आज पाच राहिली. काही म्हातारी होऊन गेली, काही निघून गेली. नवीन पिल्लू पाच वर्षांत एकही नाही.

आता पोत्याचा विचार करू. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. दूर सोडलेलं मांजर एकतर परतीच्या वाटेवर गाडीखाली येतं, नाहीतर उपाशी मरतं. आणि इथली जागा रिकामी राहत नाही. कचऱ्याचा डबा तोच, उंदीर तेच, आडोसा तोच. शेजारच्या गल्लीतलं नसबंदी न झालेलं मांजर महिन्या-दोन महिन्यांत येऊन बसतं. म्हणजे पुन्हा मीटर रूम, पुन्हा चार पिल्लं. पाच वर्षांची बचत एका दिवसात काढून घेण्यासारखं आहे हे.

कायद्याचंही सांगतो. आपल्याच शहरात, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक जागी खायला घालण्यावर बंदी घातली होती. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही भागाला स्थगिती दिली. मग मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारचे नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. सोसायटीच्या आवारात राहणाऱ्या बेवारस प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था रहिवाशांच्या संघटनेने करावी, ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, वेळ ठरलेली असावी, खाऊ घालणाऱ्याने घाण करू नये, असं त्यात आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना बांधून घेतलं आहे, आणि ते योग्यच आहे. आणि प्राणी भुकेने-तहानेने तडफडेल अशा ठिकाणी त्याला टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. आपल्या आज्या तर मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणायच्या. सोन्याचा आजचा भाव पाहता तो मार्ग कोणालाच परवडणारा नाही.

घरातल्या दोघींबद्दल थोडं. एकीला गाडीचा धक्का लागला होता, दुसरी तिच्या मागोमाग आली. रानटी वाढलेलं मांजर माणसाळतंच असं नाही. चार वर्षं झाली, मोठी अजून हात लावू देत नाही. सौ. पूजेला बसली की दोन हातांवर येऊन बसते, एवढीच तिची माया. आम्ही तेवढ्यावर खूश आहोत. मांडीवर घेण्याचा हट्ट धरला की ओरबाडे मिळतात, हे बालमित्रांनी लक्षात ठेवावं. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हळद-चुना लावत बसायचं नाही. मांजरांना रेबीजची लस दरवर्षी द्यायची.

आमचं घर शाकाहारी, पण मांजर दूध-पोळीवर जगत नाही. तिला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय जातं. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. म्हणून दुकानातलं मांजरांचं खाणं आणतो. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते, तेव्हा मोजून द्यायचं. कांदा-लसूण नको. आणि पॅरासिटामॉल कधीच नको, एक गोळीही मांजराचा जीव घेते. बोका वारंवार मुतायला बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच डॉक्टर गाठा. नवतप्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, दिवसातून दोनदा बदला. आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. ऊब शोधत तिथेच बसलेली असतात बिचारी.

आता मुद्द्याचं. मी चौऱ्याहत्तरचा, सौ. सत्तरची. तिचे गुडघे आता पार्किंगपर्यंत साथ देत नाहीत. मुलगा पुण्याला बोलावतोय आणि येत्या दिवाळीनंतर बहुधा जावं लागेल. घरातल्या दोघी अकराव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये रमायच्या नाहीत, हे त्यालाही कळतं. पंचवीस वर्षांत या सोसायटीने बोअरवेल कोरडी पडलेली पाहिली, लिफ्टचं कर्ज फेडलं, कोरोनात एकमेकांच्या दारात डबे ठेवले. पाच मांजरांचं ओझं आपल्याला जड नाही. पण घंटा कोणी बांधायची हा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून मी ठराव लिहूनच आणला आहे. मागच्या कंपाउंडजवळ एक जागा आणि सकाळ-संध्याकाळची एक वेळ ठरवावी. देखभाल वर्गणीतून नव्हे, ऐच्छिक वर्गणीतून छोटा निधी असावा. त्याची सुरुवात मी करतो. नवीन मांजर दिसलं की महिन्याच्या आत नसबंदी व्हावी. आणि दोन घरांनी आपली नावं द्यावीत.

खातं उघडायला आलेल्या प्रत्येकाला मी नॉमिनीचं नाव विचारत असे. कित्येक लोक तो रकाना रिकामा सोडायचे, म्हणायचे, नंतर बघू साहेब. त्यांच्या मुलांना मी पुढे काउंटरवर हेलपाटे घालताना पाहिलं आहे. माझ्याकडे हा फॉर्म आहे, रकाना रिकामा आहे. चहा सुरू होण्याआधी दोन नावं मिळाली तर फार बरं होईल.