क्षयरोग, औषधोपचार आणि देवासचे एक उदाहरण

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची जुनी संस्थाने. माळव्याची कोरडी हवा छातीच्या रोग्यास मानवते, अशी त्या काळी समजूत होती. त्याच सल्ल्यावरून १९४८ च्या जानेवारीत तरुण गायक कुमार गंधर्व देवासला राहावयास आले. वय अवघे तेवीस. फुफ्फुसास क्षयाने ग्रासलेले आणि गाणे बंद.

निकामी फुफ्फुस बदलण्याची सोय तेव्हा नव्हती. मानवी फुफ्फुसाचे पहिले रोपण १९६३ साली अमेरिकेत झाले. तो रोगी अठरा दिवस जगला. आजही रोपण केलेल्या फुफ्फुसात रक्त पुन्हा खेळू लागताच त्यास इजा पोचू शकते व ती आवरण्यासाठी डॉक्टरांना झटावे लागते. तेव्हा जे फुफ्फुस शाबूत आहे ते औषधाने राखणे, हाच खरा मार्ग होता.

हवेने क्षयाचे जंतू मरत नाहीत. ते काम स्ट्रेप्टोमायसिनने केले. मातीतील एका सूक्ष्म जीवापासून १९४३ साली अमेरिकेत हे औषध सापडले. १९५२ च्या सुमारास त्याच्या उपचाराने कुमारजी बरे झाले. एक फुफ्फुस मात्र कायमचे गेले. पत्नी भानुमतीबाईंनी या सर्व काळात घरीच त्यांची शुश्रूषा केली. पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, ते गात राहिले.

घरच्या शुश्रूषेचा उल्लेख सहज केलेला नाही. १९५६ साली मद्रास येथे १९३ क्षयरोग्यांवर अभ्यास सुरू झाला. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. घरच्या रोग्यांस विश्रांती कमी, आहारही निकृष्ट. तरी गुण जवळजवळ सारखाच आला. घरातील माणसांस लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. महत्त्व होते ते औषध नियमित पोटात जाण्यास.

एकच औषध दिल्यास जंतू त्यास दाद देईनासे होतात, हे ब्रिटनमधील १९४८ च्या चाचणीतच दिसून आले होते. म्हणून आता अनेक औषधे एकत्र, सर्वसाधारणपणे सहा महिने देतात. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोगी औषध सोडतो. घात होतो तो येथेच. उरलेले जंतू पुन्हा माजतात, आणि मग साधी औषधे चालत नाहीत.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती तपासणी व संपूर्ण उपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होतो.