तिसऱ्या दिवशी दार कोण वाजवणार?



 दिंडोशीतल्या या स्तनपान परिषदेत सभागृहाच्या मागच्या खोलीत पडदा लावून बाळाला पाजायची सोय केली आहे. पण कुणी इथेच खुर्चीत बसून पदराखाली घेतलं, तरी आजच्या दिवशी कुणाची मान वळणार नाही, अशी खात्री बाळगते.

मी डॉक्टर नाही. सासू आहे, आजी आहे. दुधाबाबतचे निर्णय घरात बहुधा आम्हीच घेतो, म्हणून मला स्वागताध्यक्षपदावर बसवलं असावं.

या वस्तीला बायकांच्या चळवळीची सवय आहे. पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणालताई गोरेंना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ केलं. पुढे त्यांनी आणि बाबूराव सामंतांनी नागरी निवारा परिषद उभारली, आणि बेताच्या मिळकतीच्या हजारो कुटुंबांना इथे हक्काचं घर मिळालं. आईच्या दुधाचं कामही महाराष्ट्राला नवं नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध 62.5 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, गोठवून, दुसरीच्या कमी दिवसांच्या बाळाला द्यायचं, ही कल्पना महापालिकेच्या रुग्णालयात रुजली, याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान वाटतो. ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था 1991 साली वर्ध्यात जन्मली. 1992 च्या कायद्याने पावडरच्या डब्यांच्या जाहिराती, फुकटचे नमुने आणि डब्यावरचं गुबगुबीत बाळाचं चित्र, सगळ्यालाच बंदी घातली.

मग अडतं कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली जवळपास 89 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं, आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं मात्र 42 टक्क्यांच्या आसपास. पण मला त्याहून जास्त काळजी आहे ती तिसऱ्या दिवसाची. साधं बाळंतपण असेल तर एक-दोन दिवसांत घरी पाठवतात, आणि दूध भरून येतं ते साधारण तिसऱ्या दिवशी. छाती दाटते, दगडासारखी होते, स्तनाग्राला चिरा पडलेल्या असतात, बाळ रात्रभर रडतं. अशा वेळी शेजारी डॉक्टर नसतो, मी असते. मी म्हणते, “हिला दूधच नाही, वरचं सुरू करा.” वरचं पाजलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं, आणि आठवड्याने माझंच म्हणणं खरं ठरतं!

माझ्या वयाच्या बायकांनो, पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जेमतेम चमचाभर मावतं, तेवढा चीक त्याला पुरतो. मध, गुटी, उन्हाळ्यात पाणी, सहा महिने काही नको. आठवड्यानंतर दिवसभरात सहा वेळा लंगोट ओला होत असेल तर पोट भरतंय. आळीवाचे लाडू जरूर करा, पण त्याआधी बाळाने नुसतं स्तनाग्र धरलंय की भोवतालचा काळा भागही तोंडात घेतलाय, एवढं बघायला शिका.

सरकारी योजनेत आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. वेळापत्रक अगदी नेमकं आहे. पण दिंडोशीत टॉवरच्या फाटकावरचा वॉचमन “कुणाकडे? फ्लॅट नंबर?” विचारून त्यांना परत पाठवतो. डोंगराकडच्या गल्ल्यांत घर सापडत नाही. आणि सून माहेरी चिपळूणला गेलेली असली, तर ती ना इथल्या वहीत, ना तिथल्या. 26 आठवड्यांची रजा कायद्याने आली खरी; पण चार घरची धुणीभांडी करणारीला ती कोण देणार? दीड महिन्यात ती कामावर. तिला दूध हाताने पिळून स्वच्छ वाटीत झाकून कसं ठेवायचं, वाटी-चमच्याने कसं पाजायचं, हे कुणीतरी तिच्या खोलीत बसून दाखवायला हवं. भित्तिपत्रकं लावून ते साधणार नाही.

आज इथे सोसायट्यांचे बरेच पदाधिकारी आलेत, हे मुद्दाम सांगते. जेवणाच्या सुट्टीत दाराशी एक वही ठेवलेली असेल. आपल्या इमारतीत आशाताईंना न अडवता वर सोडण्याची सूचना फाटकावर लावायला जे तयार आहेत, त्यांनी इमारतीचं नाव आणि सचिवांचा फोन त्यात लिहावा. वही संध्याकाळी आरोग्य केंद्राकडे जाईल. दुसरी वही आज्यांसाठी आहे. ज्यांना बाळ स्तनाला नीट लावायला शिकायचंय, त्यांच्यासाठी दुपारचं सत्र परिचारिका भगिनी बाहुली घेऊन घेणार आहेत. सुनांनाही प्रवेश आहे.

आता अध्यक्ष महोदयांना विनंती करते, त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.