कारखान्याचें दार आणि देशाची वेस
(नभोवाणीवरील भाषण)

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत ज्यांना पुराणमतवादी म्हणतात, त्यांच्या विचारसरणीविषयीं आपल्याकडे दोन सोपीं मतें प्रचलित आहेत. एक मत असें कीं, ही सारी मंडळी परकीयांचा द्वेष करणारी व शास्त्राकडे पाठ फिरविणारी आहे. दुसरें मत असें कीं, व्यक्तिस्वातंत्र्याचे खरे कैवारी तेवढे हेच. दोन्ही मतें बाळगावयास फारसा विचार करावा लागत नाहीं, हाच त्यांतील मोठा दोष. आज मी तीन प्रश्न आपणांपुढें मांडणार आहें: परदेशांतून येणारा मनुष्य, मजुराची भाकरी आणि कामाच्या ठिकाणीं होणारी लसीची सक्ती. वरवर पाहतां हे प्रश्न निरनिराळे दिसतात. परंतु तिन्हींच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे. माणसानें कोठें राहावें, कोठें राबावें आणि आपल्या दंडांत काय टोंचून घ्यावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न अमेरिकेला नवा नाहीं. १९०२ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील केंब्रिज शहरीं देवीची साथ आली, तेव्हां तेथील आरोग्य मंडळानें रहिवाशांनीं पुन्हां देवी टोंचून घ्याव्या असा हुकूम काढला. हेनिंग जेकबसन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें तो मानला नाहीं. हा गृहस्थ स्वीडनमध्यें जन्मलेला, म्हणजे स्वतःच परदेशांतून येऊन वसलेला. लहानपणीं टोंचलेल्या लसीनें आपणांस फार त्रास झाला होता, असें त्याचें म्हणणें होतें. त्याला पांच डॉलर दंड झाला. तो न भरतां त्यानें आपला वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. परंतु १९०५ सालीं न्यायमूर्ति हार्लन यांनीं बहुमताच्या वतीनें निर्णय दिला कीं, समाजाच्या रक्षणासाठीं राज्याला असा कायदा करतां येतो. ह्या निकालाविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयास हव्यात. सक्ती झाली ती राज्याच्या विधिमंडळानें केलेल्या कायद्याच्या आधारें, गांवच्या मंडळाकडून. वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती सरकारचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता. आणि हुकूम मोडल्याची शिक्षा पांच डॉलर होती. त्या शिक्षेनें कोणाची उपजीविका हिरावून घेतली नव्हती.

आतां एकशें सोळा वर्षें पुढें येऊं. करोनाची साथ ऐन भरांत असतांना, ९ सप्टेंबर २०२१ रोजीं अध्यक्ष बायडन यांनीं जाहीर केलें कीं, शंभर किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या खाजगी मालकांनीं नोकरांस लस घ्यावयास लावावी, नाहींतर दर आठवड्यास त्यांची तपासणी करवून त्यांना मुखपट्टी बांधावयास लावावी. नोव्हेंबरांत हा नियम प्रसिद्ध झाला. सरकारच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणें तो सुमारें ८ कोटी ४० लाख कामगारांस लागू होणार होता. नियम काढणारें खातें होतें कामगारांच्या सुरक्षिततेचें. १९७० सालीं झालेल्या ज्या कायद्यानें तें निर्माण झालें, त्यावर निक्सन ह्या रिपब्लिकन अध्यक्षांचीच सही आहे. यंत्रांत सांपडणारा हात, उंचावरून होणारा अपघात, विषारी वाफ, अशा संकटांपासून कामगाराचें रक्षण करणें हें त्या खात्याचें नित्याचें काम.

येथें पुराणमतवाद्यांनीं जो आक्षेप घेतला, तो नीट ऐकून घेतला पाहिजे. लस वाईट आहे, असें म्हणणारे त्यांच्यांत होते. परंतु पुष्कळांनीं स्वतः लस टोंचून घेतलेली होती. त्यांचें म्हणणें असें कीं, कोट्यवधि लोकांच्या देहाविषयींचा निर्णय लोकप्रतिनिधींनीं उघड चर्चा करून घ्यावा. पन्नास वर्षांपूर्वींच्या कायद्यांतील एका कलमाचा अर्थ ताणून एखाद्या खात्यानें तो घेऊं नये. १३ जानेवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन अशा मतांनीं तो नियम स्थगित केला. साथीचा धोका घरीं, शाळेंत, खेळाच्या मैदानावर, सगळीकडे असतो. तो केवळ धंद्यांतून उद्भवणारा धोका नव्हे, असा बहुमताचा आशय होता. न्यायमूर्ति गॉरसच यांनीं स्वतंत्र मत लिहून, निर्णय घ्यावयाचा कोणी, हाच खरा प्रश्न असल्याचें सांगितलें. उलट बाजूस तिघां न्यायमूर्तींनीं म्हटलें कीं, जेथें माणसाला इतरांच्या निकट उभें राहण्यावांचून गत्यंतर नसतें असें ठिकाण म्हणजे कामाची जागाच होय, आणि त्या जागेची माहिती न्यायाधीशांपेक्षां त्या खात्याला अधिक. त्याच दिवशीं त्याच न्यायालयानें सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतील नोकरांवरील सक्ती मात्र पांच विरुद्ध चार मतांनीं चालूं दिली. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्यानें रोग्याला रोग देऊं नये, हा विचार तेथें प्रबळ ठरला.

हा झाला सरकारनें केलेल्या सक्तीचा वाद. पण मालकानेंच आपण होऊन सक्ती केली तर? येथें पुराणमतवादी घरांतच भांडण उभें राहतें. मांस कापण्याच्या मोठ्या कारखान्यांचें उदाहरण घ्या. तेथें मजूर खांद्याला खांदा लावून, थंडगार हवेंत, चालत्या पट्ट्यापाशीं उभे असतात. साथीच्या पहिल्या वर्षांत अशा पांच मोठ्या कंपन्यांतील निदान ५९,००० कामगार आजारी पडले व २६९ मरण पावले, असें प्रतिनिधिगृहाच्या एका समितीनें ऑक्टोबर २०२१ मध्यें नमूद केलें. त्यांतील टायसन ह्या कंपनीनें ऑगस्ट २०२१ मध्यें, म्हणजे सरकारी नियमाच्या घोषणेपूर्वींच, आपल्या सुमारें १,२०,००० नोकरांस लस सक्तीची केली. त्या वेळीं निम्म्याहून कमी नोकरांनीं लस घेतलेली होती; ऑक्टोबर संपण्यापूर्वीं हें प्रमाण ९६ टक्क्यांवर गेलें.

आतां मालमत्तेच्या व कराराच्या स्वातंत्र्यावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनीं यावर काय म्हणावें? अमेरिकेंत बहुतेक नोकऱ्या अशा कीं, मालकाला वाटेल तेव्हां नोकराला काढतां येतें, व नोकरालाही वाटेल तेव्हां जातां येतें. ह्या रूढीचें समर्थन पुराणमतवाद्यांनींच आजवर केलें. त्या न्यायानें मालकाची अट पसंत नसेल तर नोकरानें दुसरी नोकरी पाहावी. परंतु टेक्सासचे राज्यपाल ॲबट यांनीं ११ ऑक्टोबर २०२१ रोजीं हुकूम काढून खाजगी मालकांनाही अशी सक्ती करण्यास मनाई केली. आणि फ्लोरिडाचे राज्यपाल डिसँटिस यांनीं १८ नोव्हेंबर रोजीं सही केलेल्या कायद्यानें, लसीपासून सूट न देतां नोकराला काढून टाकणाऱ्या मोठ्या मालकास ५०,००० डॉलरपर्यंत दंड ठरविला. म्हणजे मालकाचें स्वातंत्र्य मोठें कीं नोकराचें, ह्या प्रश्नाला एकाच पक्षाच्या दोन शाखांनीं दोन उत्तरें दिलीं. ज्याच्या हातांत केवळ आठवड्याचा पगार आहे, त्याला "दुसरी नोकरी पाहा" म्हणणें सोपें, पण तें स्वातंत्र्य पोकळ असतें, हा कामगार चळवळीचा जुना युक्तिवाद ह्या वेळीं पुराणमतवाद्यांच्या तोंडीं आला, हें विसरतां येत नाहीं.

हेंच भांडण देशाच्या वेशीवरही चालत आलें आहे. मांसाच्या ज्या कारखान्यांचा मी उल्लेख केला, त्यांत परदेशांतून आलेल्या मजुरांचा भरणा मोठा. असा मजूर येऊं द्यावा कीं नाहीं? मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या "वॉल स्ट्रीट जर्नल" ह्या पत्रानें १९८४ सालीं, देशाच्या सीमा खुल्या राहतील अशी दुरुस्ती घटनेंत करावी, असें सुचविलें होतें. १९८६ सालीं अध्यक्ष रेगन यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यानें सुमारें २७ लाख बेकायदा रहिवाशांना वास्तव्याचा हक्क मिळाला. त्याबरोबरच, बेकायदा आलेल्यास जाणूनबुजून कामावर ठेवणारा मालक दंडास पात्र ठरला. पुराणमतवाद्यांची पुढील सारी तक्रार येथून सुरू होते: क्षमा ताबडतोब मिळाली, मालकांवरील बंधन कागदावर राहिलें. म्हणून ॲरिझोना राज्यानें २००७ सालीं कायदा करून प्रत्येक नव्या नोकराचे कागद सरकारी यंत्रणेकडून पडताळण्याची मालकांवर सक्ती केली. त्याविरुद्ध न्यायालयांत कोण गेलें? व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना! २०११ सालीं ती हरली. फ्लोरिडानें २०२३ सालीं पंचवीस किंवा अधिक नोकर असणाऱ्या मालकांवर हीच सक्ती केली. ज्या राज्यपालांनीं नोकराच्या लसीचा दाखला मागण्याच्या बाबतींत मालकाचे हात बांधले होते, त्यांनींच नोकराचे वास्तव्याचे कागद मागणें त्याला भाग पाडलें.

ह्या सक्तीमागें केवळ द्वेष आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. स्वस्त मजुराचा लाभ मालकाला व ग्राहकाला होतो, तोटा मात्र अल्पशिक्षित देशी मजुराला सोसावा लागतो, हा त्यांतील गंभीर युक्तिवाद आहे. अर्थशास्त्रज्ञांत त्यावर एकमत नाहीं. १९८० सालीं क्यूबाच्या मारिएल बंदरांतून सुमारें सव्वा लाख माणसें कांहीं महिन्यांत फ्लोरिडांत उतरलीं आणि मायामी शहरांतील मजुरांची संख्या एकाएकीं सात टक्क्यांनीं वाढली. डेव्हिड कार्ड यांनीं १९९० सालीं दाखविलें कीं, देशी मजुरांच्या वेतनावर त्याचा जवळजवळ परिणाम झाला नाहीं. पुढें जॉर्ज बोर्हास यांनीं, जे स्वतः बालपणीं क्यूबांतून आलेले, तेच आंकडे निराळ्या रीतीनें मांडून म्हटलें कीं, माध्यमिक शिक्षण न झालेल्या पुरुषांचें वेतन दहा ते तीस टक्क्यांनीं घसरलें. त्यावर इतरांनीं आक्षेप घेतला कीं, बोर्हास यांनीं निवडलेला नमुना फार लहान आहे व त्याची घडणच मधल्या काळांत बदलली होती. एकाच शहराचा, एकाच वर्षाचा हा वाद अजून मिटलेला नाहीं. तेव्हां ह्या विषयावर जो कोणी छातीठोकपणें बोलतो, त्याच्याकडे जरा सावधपणें पाहिलेलें बरें.

आतां तत्त्वनिष्ठेची खरी कसोटी पाहूं. मार्च २०२० मध्यें, १९४४ सालच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांतील एका कलमाचा आधार घेऊन, सीमेवर आलेल्यांना आश्रयाचा अर्जही करूं न देतां परत पाठविण्याचा हुकूम निघाला. मे २०२३ पर्यंत पंचवीस लाखांहून अधिक वेळां त्याचा उपयोग झाला. २०२१ सालीं जुन्या कलमाचा अर्थ ताणून खात्यानें राज्य चालवूं नये असें जे म्हणत होते, त्यांतील पुष्कळांना सीमेवर मात्र जुन्या कलमाचा तसाच उपयोग गोड वाटला. रिपब्लिकन सत्ता असलेलीं राज्यें तो हुकूम टिकविण्यासाठीं न्यायालयांत गेलीं. डिसेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो तात्पुरता चालूं ठेवला. त्या वेळीं विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ति गॉरसच होते, आणि त्यांच्या मताशीं सहमत झाल्या त्या उदारमतवादी न्यायमूर्ति जॅक्सन. सीमेवरील अडचण ही साथीची अडचण नव्हे, आणि एका संकटासाठीं काढलेला हुकूम दुसऱ्या संकटासाठीं राबवूं नये, असा त्यांचा आशय होता. ज्या तत्त्वानें त्यांनीं कारखान्यांतील सक्ती थांबविली, तेंच तत्त्व आपल्या पक्षाला अप्रिय ठरलें तरी त्यांनीं सोडलें नाहीं. मत पटो वा न पटो, अशा वर्तनाला तत्त्व हें नांव शोभतें.

श्रोतेहो, हा वाद सातासमुद्रांपलीकडचा असला तरी आपल्या घरांशीं त्याचा संबंध आहे. १९९० च्या कायद्यानें सुरू झालेल्या एच-१बी परवान्यांपैकीं दहांतील सुमारें सात भारतीयांना मिळतात, आणि त्यांत पुण्यामुंबईचे तरुण थोडे नाहींत. ह्या परवान्यांवरून डिसेंबर २०२४ च्या अखेरीस त्याच पक्षांत उघड भांडण जुंपलें: बुद्धिमान परकीय हवेत असें इलॉन मस्क यांच्यासारखे उद्योगपति म्हणूं लागले, तर स्टीव्ह बॅनन यांच्यासारख्यांनीं हा देशी नोकरांचा विश्वासघात ठरविला. सप्टेंबर २०२५ मध्यें अध्यक्ष ट्रंप यांनीं नव्या अर्जामागें १,००,००० डॉलर शुल्क लावण्याची घोषणा केली. लसीच्या प्रश्नांतही आपला भाग होताच. नोव्हेंबर २०२१ मध्यें भारतांतील प्रवाशांवरील बंदी उठली व तिच्याऐवजीं लसीचा दाखला आवश्यक झाला, तेव्हां महिनोन् महिने ताटातूट झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांना पुण्यांत तयार झालेल्या कोविशील्डच्या दाखल्यानें दार उघडलें. एकाच्या दृष्टीनें जी सक्ती, तीच दुसऱ्याच्या दृष्टीनें सुटकेची किल्ली ठरली.

ह्या सर्वांतून मला जें ग्राह्य वाटतें, तें थोडक्यांत सांगून मी आपली रजा घेतों. निर्णय घेणारा लोकांना जबाबदार असावा, हें पुराणमतवाद्यांचें सांगणें मोलाचें आहे. साथीच्या घाईंतही तें मोलाचें राहतें. लस न घेतल्याबद्दल अमेरिकेच्या सैन्यांतून आठ हजारांहून अधिक सैनिक काढले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्यें त्यांना परत घेण्याचा हुकूम निघाला. जेकबसनचा दंड पांच डॉलर होता. माणसाची भाकरी हा त्याहून फार भारी दंड आहे, आणि तो ठोठावणाऱ्यानें दहादां विचार करावा. परंतु त्या भाकरीची किंमत ओळखणाऱ्यानें पट्ट्यापाशीं शेजारीं उभ्या असलेल्या मजुराचीही आठवण ठेवावी. त्या २६९ मृतांनाही आपापलें घर होतें. आणि आपल्या दंडाविषयीं जो सरकारकडे खुलासा मागतो, त्यानें वेशीवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सरकारकडून तसाच खुलासा मिळावा, इतकें तरी मान्य करावें. त्याला आंत घ्यावें कीं नाहीं, हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे. पण तो अधिकारही कायद्यानें, उघडपणें आणि खरें कारण सांगून वापरला जावा. आपल्या बाजूला गैरसोयीचें ठरलें तरी जें सोडवत नाहीं, तेवढेंच तत्त्व. बाकीची सारी सोय.