डेटा सायन्सचा वर्ग लावावा की लावू नये?



विषयाचे नाव वाचूनच काही मंडळींनी आज घरी बसणे पसंत केले असेल. पण जी आली आहेत त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा असावा, असा माझा तर्क आहे. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झालेली असते. मोबाइलवर जाहिरात येते की सहा महिन्यांत घरबसल्या डेटा सायन्स शिका आणि नोकरीला लागा. फी दोन-अडीच लाख, पण हप्त्यांची सोय आहे. दुसऱ्या दिवशी गोड आवाजात फोन येतो. आणि रात्री जेवताना वडिलांसमोर प्रश्न येतो की पैसे घालायचे की नाहीत.

या वर्गांना ‘बूटकॅम्प’ म्हणतात. मूळ शब्द अमेरिकेच्या सैन्यातला. रंगरुटांना थोड्या आठवड्यांत तयार करणारी छावणी म्हणजे बूटकॅम्प. आणि डेटा सायन्स म्हणजे आकड्यांच्या ढिगाऱ्यातून उपयोगी निष्कर्ष काढण्याची विद्या. २०१२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या मासिकाने या पेशाला एकविसाव्या शतकातला सर्वांत मोहक पेशा ठरविले, आणि तेथून छावण्यांचे पीक आले.

नाव नवे असले तरी विद्या आपल्याला परकी नाही. पैसेवारी आपल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको; तिलाच पूर्वी आणेवारी म्हणत. पीक सोळा आणे की आठ आणे, हे नजरेने ठरत असे. आता नजर म्हटली की ती माणसाची. रस्त्याकडेचे हिरवेगार शेत पाहून एक आकडा निघणार, आतल्या बरड जमिनीतून हिंडले तर दुसरा. १९४० नंतरच्या दशकात दोन मराठी माणसांनी, पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी, यावर शास्त्रशुद्ध पीककापणीची पद्धत उभी करण्यात मोठा वाटा उचलला. शेत निवडायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यदृच्छेने. त्यात ठरावीक मापाचा तुकडा दोरीने आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा आणि तोलायचा. साहेबाला जे शेत आवडले ते घ्यायचे नाही. साऱ्या पद्धतीचा प्राण एवढ्या एका नियमात आहे. दोघांचे शेती-संख्याशास्त्रावरचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि शेतकी कॉलेजांतून पिढ्यान् पिढ्या वापरले गेले.

आता हाच नियम जाहिरातीला लावून पाहा. जाहिरातीत हसऱ्या चेहऱ्यांचे चार तरुण आहेत, चौघांनाही मोठ्या पगाराच्या नोकऱ्या लागल्या आहेत. समजा, हे खरेही आहे. पण हे रस्त्याकडेचे शेत झाले! त्या तुकडीत एकंदर किती जण बसले? किती जण मध्येच सोडून गेले? उरलेल्यांपैकी किती जणांना डेटाचेच काम मिळाले, आणि किती जण फोनवर याच वर्गाची विक्री करीत बसले? ‘शेकडा पंच्याऐंशी जणांना नोकरी’ असे कोणी म्हणाले की आपण अंश ऐकतो, छेद विचारीत नाही. नोकरी शोधणे सोडून दिलेल्यांना छेदातून वगळले की कुठलाही आकडा देखणा होतो.

हा केवळ संशय नव्हे. अमेरिकेत लॅम्डा स्कूल नावाची एक गाजलेली छावणी होती. पुढे तिने ब्लूमटेक हे नाव घेतले. आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून फेडा, अशी तिची योजना. एप्रिल २०२४ मध्ये तेथील ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाच्या सरकारी खात्याने तिच्यावर कारवाई केली. जाहिरातीत शेकडा ७१ ते ८६ जणांना नोकऱ्या लागतात असे सांगितले जाई. गुंतवणूकदारांना दाखविण्याच्या कागदांत तोच आकडा पन्नासच्या आसपास होता, कधी तीसपर्यंत खाली गेलेला. शिवाय ‘हे कर्ज नव्हे’ असे सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात कर्जच होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टू-यू या मोठ्या कंपनीने आपल्या छावण्या बंद करीत असल्याचे जाहीर केले. हा धंदा तिने २०१९ साली ७५ कोटी डॉलरना विकत घेतला होता.

आपल्याकडचा हिशेब आपल्या मापाने करू. फी दोन लाख चाळीस हजार धरा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे ही फी जवळजवळ ३२ क्विंटल कापसाची झाली. तीही बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा न करता. बोंडअळीच्या वर्षी कोरडवाहू जमिनीत एवढा कापूस यायला किती एकर लागतात, हे तुम्ही मला सांगाल. सांगितलेल्या फीत अठरा टक्के जीएसटी धरला आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. पुष्कळदा तो मागाहून उगवतो.

पण पैसा बाजूला ठेवला तरी सहा महिन्यांत शिकवितात काय? पायथन ही संगणकाची भाषा, माहितीच्या कोठारातून हवे ते काढण्याची एसक्यूएल ही दुसरी, थोडे संख्याशास्त्र आणि यंत्राला नमुन्यांवरून शिकविण्याच्या काही रीती. हे सारे उपयुक्त आहे. मात्र धडे देताना आकडे धुऊन-पुसून हाती देतात, आणि खऱ्या कामात तेच धुणे मुख्य असते. एका यादीत शिंदखेडा, दुसरीत सिंदखेडा, तिसरीत शिंदखेडे. यंत्राच्या लेखी हे तीन तालुके. ज्या धुळ्यात राजवाड्यांचे कागद जपण्यासाठी १९२७ साली संशोधन मंडळ स्थापन झाले, तेथे निराळे काय सांगावे? दफ्तर आधी शोधावे लागते, लावावे लागते, तारीख पडताळावी लागते, सिद्धान्त त्यानंतर. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर साधा प्रोग्राम यंत्रच लिहून देते. यंत्राने दिलेले उत्तर चूक आहे हे ओळखणारा माणूस हवा असतो, आणि ती नजर सहा महिन्यांच्या पाठांतराने येत नाही.

म्हणून माझे मत असे की फी भरण्यापूर्वी दोन महिने फुकट शिकून पाहावे. आय.आय.टी.तल्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर आणि केंद्र सरकारच्या स्वयम् या व्यासपीठावर कोणालाही मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी. भारत सरकारच्या ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांची आवक आणि भाव प्रसिद्ध होतात. दोंडाईचा आणि शिरपूर येथले दोन वर्षांचे भाव उतरवून घ्यावेत, ते साफ करावेत, आणि आवक वाढल्यावर भाव किती दिवसांनी व किती पडतो हे काढून दाखवावे. ज्याला यात गोडी वाटेल, जो रात्री अकराला चूक सापडली म्हणून खूश होईल, त्याचा पुढचा विचार करावा. जो आठव्या दिवशी कंटाळेल त्याचे ३२ क्विंटल वाचले.

पुढे जायचे ठरले तर पदवीचाही मार्ग आहे. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली या विषयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता-परीक्षा द्यायची; मुख्य परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष बसून; मध्येच थांबावे लागले तर त्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा पदविका; आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीत सवलत. वेळ जास्त लागतो, हे खरे. लागू द्यावा.

मग छावणी कोणालाच नको काय? तसे मी म्हणणार नाही. बँकेत, कारखान्यात, विमा कंपनीत चार-पाच वर्षे आकड्यांशीच झटापट करणारा माणूस असतो. त्याला आपले प्रश्न ठाऊक असतात. हवे असते ते वेळापत्रक, सोबत आणि चुका दाखविणारे कोणीतरी. त्याने पगारातून फी भरून हा वर्ग लावला, तर मी त्याला अडविणार नाही. फक्त शिकविणारा माणूस प्रत्यक्ष त्याचे काम तपासणार आहे, की ध्वनिमुद्रित व्याख्याने लावून देणार आहे, एवढे त्याने आधी पाहावे. कोऱ्या पाटीच्या, घरचा पैसा कर्जाने आणणाऱ्या मुलाची गोष्ट अगदी निराळी आहे.

कर्जाचा शब्द निघाला म्हणून शेवटी कागदांविषयी. हप्ता बहुधा संस्थेकडे जात नाही, तिसऱ्याच वित्तकंपनीकडे जातो. वर्ग आवडला नाही, सोडला, किंवा संस्थाच बंद पडली तरी कर्ज तुमच्या नावावर राहू शकते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ रोजी अशा कंपन्यांविषयी नागरिकांना सावध करणारे पत्रक काढले. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची संमती देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मोबाइलवरून कर्ज देणाऱ्याने एकंदर वार्षिक दर दाखविणारे पत्रक आधी दिले पाहिजे, आणि ठरावीक मुदतीत कर्ज परत करून मोकळे होण्याची वाट ठेवली पाहिजे. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दांवर विसंबू नका, ते पत्रक मागा. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही मागितली असेल तर कागद एक रात्र घरी ठेवा आणि जाणत्या माणसाला वाचून दाखवा. ‘सवलत आज रात्री बारापर्यंतच’ असे फोनवर कोणी म्हणाले, तर पुढच्या आठवड्यात त्यालाच फोन करून भाव विचारून पाहा.