न सांगितलेले दुखणे



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर शरीरव्याधींची चर्चा काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या दुखण्यासाठी घरात उच्चारण्याजोगा शब्दच नाही, त्याविषयी शब्दांचे जतन करणाऱ्या संस्थेत बोलणे उचितच होय. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचा, म्हणजे योनिमुखाचा, कर्करोग हे असे एक दुखणे आहे.

हा रोग विरळा असून बहुधा उतारवयात आढळतो. दीर्घकाळ न शमणारी खाज, पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, गाठ किंवा रक्तस्राव ही त्याची लक्षणे. ‘वयोमानाने होतेच’ असे म्हणून घरगुती मलम लावले जाते आणि मोलाचा काळ निघून जातो. वस्तुतः कर्करोगाआधी बहुधा एक पूर्वावस्था असते. काहींच्या बाबतीत ती ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूमुळे येते. वयस्क स्त्रियांत ती लायकेन स्क्लेरोसस या जुनाट त्वचाविकारातून उद्भवू शकते. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो. मात्र ते नुसत्या नजरेने ठरत नाही. जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यालाच बायॉप्सी म्हणतात.

त्वचाविकार डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने आटोक्यात ठेवता येतो. पूर्वावस्थेतील भाग शस्त्रक्रियेने वा लेसरने काढता येतो. कर्करोग झाल्यास तो भाग भोवतालच्या निरोगी कडेसह काढतात, आवश्यकतेनुसार जांघेतील लसिकाग्रंथी तपासतात आणि प्रसार झाला असल्यास किरणोपचारही देतात. रोग लवकर ओळखला, तर शस्त्रक्रिया मर्यादित राहते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असते तशी सर्वांसाठीची ठरावीक चाचणी या रोगाला नाही. त्यामुळे रुग्णेने आपले दुखणे सांगणे, येथूनच निदानाचा आरंभ होतो. अशा सांगण्या-बोलण्याचे बळ किती, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत बार्शीने दाखवून दिले. तेथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणांची माहिती देत. पुढे रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. टिळकवाडीतील स्त्रीला तज्ज्ञ गाठणे अवघड नाही. अवघड आहे ते लेकीजवळ वा सुनेजवळ पहिले वाक्य बोलणे. काही आठवड्यांत तक्रार शमली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि मराठीत वा कन्नडमध्ये, जसे जमेल तसे, ‘येथे तपासून पाहा’ असे स्पष्ट सांगावे. घरच्यांनीही आजीचे वा आईचे हे बोलणे लाज न मानता ऐकून घ्यावे.